शेत सीमेवर असेल तर ड्रोन फवारणीला दोन राज्यांची परवानगी लागते का? आणि बाहेरच्या देशांत नियम खरंच सैल आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जमीन निपाणी तालुक्यात, त्यातला एक तुकडा कागल तालुक्यात. उसावर ड्रोनने फवारणी सुरू करायची आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हींचं लायसन्स काढावं लागतं का? यूट्यूबवर अमेरिकेतले, चीनमधले शेतकरी बिनधास्त उडवताना दिसतात, मग आपल्याकडेच एवढे नियम का? आणि पाहुण्यांकडे बिनकागदाचा एक ड्रोन स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?

पहिल्याचं उत्तर सोपं. दोन लायसन्सं लागत नाहीत, एकच लागतं आणि ते केंद्राचं.

मी चिकोडी तालुक्यातला. चार हंगाम झाले, भाड्याने फवारणी करतोय. ऊस, सोयाबीन, कधीमधी भाजीपाला. पहिल्या वर्षी मलाही हीच शंका होती, कारण आपल्याकडे बांध ओलांडला की सगळंच बदलतं की! अलीकडे कन्नड उतारा, पलीकडे मराठी सातबारा. अलीकडे मोटारीला हेस्कॉमची लाईन, पलीकडे महावितरणची. तलाठी वेगळा, कारखान्याचा दर वेगळा, एसटीचा रंगसुद्धा वेगळा. मग डोक्यावरचं आभाळ तरी एकच कसं असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत २९ व्या क्रमांकावर विमानं, विमानतळ आणि हवाई वाहतुकीचं नियमन आहे. त्यात बेंगळुरूलाही वाटा नाही आणि मुंबईलाही नाही. १९५६ पासून आपण जमिनीसाठी भांडतोय, आभाळावर मात्र कुणी दावाच सांगितला नाही. बरंच झालं म्हणायचं.

तर ड्रोन नियम २०२१ देशभर एकच. १० लिटरच्या टाकीचा फवारणी ड्रोन भरल्यावरही साधारण २५ किलोच्या आत बसतो, म्हणजे तो 'लहान' वर्गात मोडतो (२ ते २५ किलो). त्या वर्गासाठी रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ड्रोनचा स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, त्या मॉडेलला टाईप सर्टिफिकेट (मॉडेल सरकारमान्य असल्याचा दाखला) असावं लागतं आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही. पायलटसाठी दहावी पास आणि वय १८ ते ६५. मान्यताप्राप्त संस्थेत काही दिवसांचं प्रशिक्षण असतं, मग परीक्षा, आणि प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. एवढं झालं की दूधगंगेच्या या काठावर उडवा नाहीतर त्या काठावर.

बघायची ती राज्याची सीमा नव्हे, विमानतळाभोवतीचं वर्तुळ. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या बाहेर, आणि तिथे दुसरं काही संवेदनशील ठिकाण नसेल तर, ४०० फुटांपर्यंत हिरवा पट्टा. तिथे उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात हिरवा फक्त २०० फुटांपर्यंत, त्याच्या वर पिवळा. त्याहून आत गेलात की पिवळा किंवा लाल. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते, लाल म्हणजे थेट केंद्र सरकारची. आपल्याला जवळचे विमानतळ दोन, एक बेळगावचा सांबरा आणि दुसरा कोल्हापूरचा उजळाईवाडी. निपाणी दोन्हींच्या वर्तुळाबाहेर येते. तुमचा कागल तालुक्यातला तुकडा गोकुळ शिरगावच्या अंगाला असेल तर मात्र डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघाच. बेळगाव शहराजवळच्यांना जास्त त्रास आहे. मुतगा, बाळेकुंद्री हे तर सांबऱ्याच्या उंबऱ्यातच, शिवाय सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आणि कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांना हे कळेपर्यंत बऱ्याच जणांचे ड्रोन चौकीत जाऊन आलेत.

राज्याचा काहीच संबंध नाही असं मी म्हटलं, त्यात एक फट आहे. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल जाहीर करू शकतात, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लागतो. म्हणजे आभाळ केंद्राचं असलं तरी चार दिवस ते राज्याच्या हातात जाऊ शकतं, आणि तेव्हा बेळगावचे एसपी आणि कोल्हापूरचे एसपी हा फरक पडतो. हिवाळी अधिवेशन, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, मोठ्या नेत्याचा दौरा असं काही असलं की मी आदल्या रात्री नकाशा बघतो आणि ठाण्यात फोनही करतो. कुणी अडवलंच तर हुज्जत घालायची नाही. प्रमाणपत्र आणि नोंदणी क्रमांक दाखवायचा, नकाशाचा स्क्रीनशॉट दाखवायचा. एकदा बांधावर मला एका हवालदारांनी विचारलं, "हे कर्नाटकचं लायसन्स का महाराष्ट्राचं?" मी म्हटलं, "भारताचं, साहेब." त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि चहा सांगितला.

आता बाहेरच्या देशांचं. इथे मी जरा लांबतो, कारण यूट्यूबवर अर्धीच गोष्ट दिसते.

आमचे प्रशिक्षणातले सर हवाई दलातून निवृत्त झालेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "नियम कुठल्या देशाचा आहे ते सोडा. तो देश खालच्या आभाळात कुणाला घाबरतो ते बघा, नियम आपोआप कळेल." मला हे पटलं, कारण आकडे जवळपास सगळीकडे सारखेच निघतात. आपल्याकडे ४०० फूट, अमेरिकेत ४०० फूट, युरोपात १२० मीटर, म्हणजे तेवढंच. हा आकडा आला कुठून? माणसं बसलेल्या विमानाने मोकळ्या रानावरही साधारणपणे ५०० फुटांच्या खाली यायचं नाही, असा जगभरचा जुना दंडक आहे. त्याच्याखाली १०० फुटांची मोकळी फट ठेवून ड्रोनला जागा दिली. जपान तेवढा वेगळा, तिथे १५० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे फट जवळजवळ नाहीच.

अमेरिकेला भीती आहे ती दुसऱ्या विमानाची. तिथे सार्वजनिक वापराचेच सुमारे ५,००० विमानतळ आहेत, आणि आपल्याकडे ट्रॅक्टर असतो तसं कित्येकांकडे छोटं विमान असतं. त्यांचा ड्रोनचा मुख्य नियम २०१६ साली आला. लेखी परीक्षा द्यावी लागते, उडवून दाखवायची परीक्षा नाही. विमानतळाजवळच्या नियंत्रित पट्ट्यात उडवायचं असेल तर मोबाईलवर अर्ज केला की ठरलेल्या उंचीपर्यंतची परवानगी बहुतेक वेळा मिनिटभरात येते. हे ऐकून सोपं वाटतं. पण फवारणी करायची म्हटली की त्यांच्या शेती-विमानांच्या नियमात शिरावं लागतं, आणि ५५ पौंडांच्या, म्हणजे साधारण २५ किलोच्या वरचा ड्रोन असेल तर वेगळी सूट मागावी लागते. तुम्ही व्हिडिओत बघता ते ४०-५० लिटरचे अजस्र ड्रोन अशी सूट घेऊनच उडत असतात, फक्त तो कागद व्हिडिओत दिसत नाही. शिवाय ५०० फुटांचा दंडक त्यांच्या फवारणीच्या विमानांना लागू नाही. ती पिकाच्या डोक्यावरून तीन-चार मीटरवर जातात. म्हणजे फवारणीचा ड्रोन आणि फवारणीचं विमान अगदी एकाच थरात! तिथल्या ड्रोनवाल्याला सर्वांत आधी शिकवतात ते हे: माणूस बसलेलं विमान दिसलं की तू बाजूला हो. आपल्याला ही धास्ती नाही. एके काळी एचएएलने बेंगळुरूत 'बसंत' नावाचं फवारणीचं विमान बनवलं होतं खरं, १९७० च्या दशकात, पण आज आपल्या उसावर विमान घोंघावत येईल असं काही नाही.

अमेरिकेची पद्धत म्हणजे आधी कमी विचारायचं, चुकलास तर जोरात धरायचं. तिथे ड्रोनच्या एका उल्लंघनाला ७५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या ड्रोन नियमांत कमाल १ लाख रुपये. त्यामुळे "तिकडे नियम सैल" हे वाक्य मला फारसं पटत नाही.

युरोपची भीती खाली आहे, जमिनीवरच्या माणसाची आणि त्याच्या ताटातल्या अन्नाची. तिथे ड्रोनचे तीन गट आहेत. सगळ्यात मोकळ्या गटात उडवायला परवानगी लागत नाही, पण त्या गटात ड्रोनमधून काहीही खाली टाकता येत नाही. फवारणी म्हणजे टाकणंच. म्हणून फवारणीचा ड्रोन सरळ वरच्या गटात जातो, तिथे धोक्याचा हिशोब मांडून मंजुरी घ्यावी लागते. त्याच्याही आधी २००९ पासून युरोपीय संघात हवेतून औषध फवारण्यावर मुळातच बंदी आहे, अपवाद मागून घ्यावा लागतो. उभ्या डोंगरउतारावरच्या द्राक्षबागांना असे अपवाद मिळतात, कारण तिथे ट्रॅक्टर चढत नाही. स्वित्झर्लंड संघात नाही, त्यांनी २०१९ पासून ड्रोन फवारणीला वेगळी वाट करून दिली. म्हणजे जर्मन शेतकरी आपल्याकडे बघून म्हणत असेल, "भारतात बघा कसं मोकळं आहे!"

मी आधी युरोपच्या या कडकपणाला हसायचो. मग दुसऱ्या हंगामात संध्याकाळच्या वाऱ्यात मी उसावर तणनाशक मारलं आणि ते शेजारच्या वांग्यावर गेलं. आठ दिवसांत पानं वळली. शेजारी ओळखीचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त मला वांग्याच्या सरीतून चालवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पैसे दिले मी. पण तेव्हापासून मी सकाळी नऊनंतर टाकी भरत नाही आणि तणनाशकाला तर शक्यतो नाहीच म्हणतो.

जपानची गोष्ट आपल्या सगळ्यात जवळची. भाताची तुकड्या-तुकड्यांची शेती, म्हातारे होत चाललेले शेतकरी. यामाहा कंपनीने फवारणीचं बिनपायलट हेलिकॉप्टर १९८७ मध्येच काढलं. आपल्याकडे ड्रोन हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा तिथे भातावर यंत्र घिरट्या घालत होतं. पुढे एप्रिल २०१५ मध्ये टोकियोत पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या छतावर एक ड्रोन सापडला आणि त्याच वर्षअखेर त्यांच्या विमान कायद्यात ड्रोनचे नियम लागू झाले. २०२२ पासून १०० ग्रॅमच्या वरचा प्रत्येक ड्रोन तिथे नोंदवावा लागतो. आपल्याकडे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला बरीच सवलत आहे, जपानमध्ये तो आकडा आणखी खाली. औषध फवारायचं तर तिथेही मंजुरी काढावी लागते.

चीनने मात्र सरळ शेतकऱ्याचा वेगळा कप्पा केला. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या त्यांच्या नियमांत शेतीचा ड्रोन म्हणजे काय हे ठरवून टाकलंय: वजन १५० किलोपर्यंत, उंची ३० मीटरपर्यंत, वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत, अंतर २,००० मीटरपर्यंत. या चौकटीत असाल तर पायलटचं लायसन्स नको, प्रशिक्षण पुरे. मला विचाराल तर हा एक मुद्दा आपण उचलावा. पिकाच्या वर तीन मीटरवर उडणाऱ्या माझ्या ड्रोनला आणि ४०० फुटांवरून सर्व्हे करणाऱ्या ड्रोनला एकाच वर्गात बसवण्यात काही अर्थ नाही.

आणि आपण? आपली भीती सुरक्षेची आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाने, एक जाहीर सूचना काढून नागरी ड्रोन बंदच केले होते. २०१८ मध्ये नियम आले, मार्च २०२१ मध्ये आणखी किचकट आले. मग २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. सगळ्यांना वाटलं, आता दार कायमचं बंद. आणि दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, आजचे सैल नियम आले! अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर, विमानतळाभोवतीचं पिवळं वर्तुळ ४५ किलोमीटरवरून १२ वर. जुनं ४५ चं वर्तुळ राहिलं असतं तर निपाणीचा बराच भाग कोल्हापूर विमानतळाच्या नावाखाली अडकला असता. त्यामुळे "आपल्याकडेच एवढे नियम" हे ऑगस्ट २०२१ पर्यंत खरं होतं, आता तितकंसं नाही.

सीमाभागातल्या माणसाला आवडेल अशी सरांनी सांगितलेली एक गोष्ट इथेच सांगतो. आभाळाचे कामासाठी जे विभाग पाडतात ते देशांच्या सीमेवरून पाडू नयेत, विमानांच्या वाटा आणि सोय बघून पाडावेत, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची शिफारस आहे. म्हणून जर्मनीच्या दक्षिणेकडचं काही आभाळ स्वित्झर्लंडमधले नियंत्रक सांभाळतात. १ जुलै २००२ च्या रात्री तिथेच, युबरलिंगेन गावावर, एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान धडकलं. ७१ माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. झुरिकचा नियंत्रक रशियन विमानाला "खाली ये" म्हणत होता, विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र "वर जा" म्हणत होतं. वैमानिकाने माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाला त्याच्या यंत्राने खाली जायला सांगितलं होतं आणि ते खाली गेलं. यंत्राचं ऐकायचं की माणसाचं, यावर तोवर देशादेशांत एकमत नव्हतं. त्यानंतर यंत्राचं ऐकायचं हे जगभर पक्कं झालं. पण मला लक्षात राहिला तो पुढचा भाग. २००६ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ शहराच्या न्यायालयाने म्हटलं की भरपाईची जबाबदारी जर्मनीची, कारण आभाळ तुमचं आणि ते दुसऱ्याकडे सोपवल्याचा धड करारच नव्हता.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पाहुण्यांचा ड्रोन.

घेऊ नका. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला काही अपवाद सोडले तर बंदी आहे. बिनकागदाचा म्हणजे टाईप सर्टिफिकेट नाही, त्यामुळे नोंदणी क्रमांक मिळणार नाही, त्यामुळे विमा नाही. शेजाऱ्याची वांगी गेली तर खिशातून देता येतात. पण पंख्याने कुणाचा डोळा गेला तर तुम्ही, पाहुणे आणि ज्याने शेत सांगितलं तो, तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसाल. कॉन्स्टान्झसारखं न्यायालय चिकोडीतही आहे.

अपघात झाला तर ४८ तासांत कळवायचा असतो, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत यासाठी १० दिवस मिळतात. माझा ड्रोन पहिल्याच हंगामात मोटारीच्या सर्व्हिस वायरला अडकून उसात पडला. दोन तास शोधत होतो, पानांनी हात चिरले. कुणाला लागलं नाही, म्हणून हा 'अपघात' नव्हेच अशी मी स्वतःशीच वकिली केली आणि गप्प बसलो. पुढच्या महिन्यात दुसरा एक ड्रोनवाला त्याच वायरला अडकला. सरांना सांगितलं तेव्हा ते चिडले आणि त्यांनी १९७४ सालचा अमेरिकेतला एक अपघात सांगितला. १ डिसेंबरला वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. नकाशातल्या ज्या घोळामुळे ते उंची सोडून खाली आलं, त्याच घोळात सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान सापडून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलंही होतं, पण ते कंपनीबाहेर गेलंच नाही. त्यानंतर अमेरिकेने १९७६ मध्ये आपली चूक नाव गुप्त ठेवून कळवायची सोय काढली, आणि ती विमान खात्याऐवजी नासाकडे दिली, म्हणजे दंड करणारा आणि ऐकून घेणारा वेगळा राहील.

आपल्या भागातल्या फवारणीवाल्यांचा आता एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठल्या गावात कुठली वायर लोंबतेय, कुठल्या मळ्यात मधाच्या पेट्या ठेवल्यात, हे त्यात टाकतो. दोन्हीकडचे आहोत, कारदग्याचे आणि रेंदाळचेही. प्रशिक्षण पूर्ण झालं की इथेच कमेंटमध्ये लिहा, तुम्हालाही घेतो. तोवर तुमच्या दोन्ही तुकड्यांवरच्या वायरी, खांब आणि ताणे एका कागदावर काढून ठेवा. ऊस वाढला की त्या दिसत नाहीत.